दिवाळीतलं सुतक

॥ श्री ॥

नेपरव्हिल, १० नोव्हेंबर २०१३

ती. अण्णा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

लक्ष्मीपूजनाच्या फोनवर मनू दोन शब्द बोलली आणि उठून गेली. त्यावरून आईने ताईला सांगितलं की पोरीचं काहीतरी बिनसलंय आणि आपल्यापासून लपवतायत. ताईने ते मला कळवलं. काल ठाण्याहून मावशीचा फोन आला, "या वयात व्हायचंच असं, फार ताणू नकोस." बातमी ठाण्यापर्यंत गेली म्हणजे आता सविस्तर लिहिलेलंच बरं. फोनवर हे सांगून होणार नाही. आई मध्येच "म्हणजे गेलं कोण?" असं विचारणार आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. तेव्हा पत्र अण्णांनी मोठ्याने वाचावं आणि आईने शेवटपर्यंत मध्ये बोलू नये.

तर, मनूचं प्रेमप्रकरण नाही. शाळेत काही झालेलं नाही. जेवते, आणि चांगली जेवते. फक्त तिला सुतक आहे.

कोणाचं, ते सांगते. २२ ऑक्टोबरला, मंगळवारी, 'अलीजंट' नावाचं पुस्तक बाजारात आलं. एका मालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग. पहिला 'डायव्हर्जंट' २०११ साली आला, दुसरा 'इन्सर्जंट' २०१२ साली. मनूच्या शाळेत ज्या मुलीने हे वाचलं नाही तिला डबा खाताना बोलायला विषय नसतो. त्या एका दिवसात म्हणे साडेचार लाखांवर प्रती खपल्या, त्यातली एक आमच्या घरी आली. मंगळवारी संध्याकाळी मनू ती घेऊन खोलीत गेली आणि गुरुवारी पहाटे आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, ती गेली."

परदेशात राहणाऱ्या माणसाला पहाटे पाच वाजता 'ती गेली' असं कोणी सांगू नये. माझ्या डोळ्यांसमोरून आपल्या आळीतल्या सत्तरीपुढच्या सगळ्या बायका ओळीने सरकून गेल्या. आई, ओळीत पहिली तू होतीस, राग मानू नकोस. श्रीकांत तर उठून पासपोर्टचं कपाट उघडायला लागला. "कोण गेली?" मी विचारलं. "ट्रिस." मी नात्यात कुठे ट्रिस सापडते का ते आठवून पाहिलं. मग विचारलं, "तुझ्या वर्गातली का गं?" त्यावर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी उठून दिवा लावला. "हिरॉइन आहे ती. सगळी गोष्ट तिची आहे. आणि शेवटच्या पुस्तकात तिलाच मारली." श्रीकांतने कपाट बंद केलं, "मग ठीक आहे," म्हणाला आणि पुन्हा पांघरूण घेतलं. ते 'मग ठीक आहे' त्याला अजून भोवतं आहे.

अण्णा, गोष्ट थोडक्यात सांगितली नाही तर मनूची बाजू कळायची नाही. काळ पुढचा आहे, गाव मात्र आमचंच, शिकागो. मिशिगन सरोवर आटून त्याची दलदल झाली आहे, इमारती पडक्या आहेत, शहराला कुंपण आहे. आतल्या माणसांचे पाच गट आहेत. ॲब्निगेशनवाले निःस्वार्थी. राखाडी कपडे घालतात, आरशात बघायचं तेही तीन महिन्यांतून एकदा. कँडरवाले खोटं बोलत नाहीत. एर्युडाइटवाले विद्वान, डॉन्टलेसवाले धाडसी, ॲमिटीवाले शांतताप्रिय. ॲमिटीवाले शेती करतात आणि भांडणं होऊ नयेत म्हणून पावातूनच माणूस शांत करायचं औषध देतात. (ते औषध मिळालं तर आमच्या मराठी मंडळाच्या पुढच्या बैठकीला चहात घालायची माझी तयारी आहे. गणपतीच्या प्रसादाला मोदक उकडीचे की तळणीचे यावर दोन गट पडले आहेत, आणि दोन्ही गटांत ॲमिटीवाला एकही नाही.)

मनूने आपल्या सगळ्या घराची या पाच गटांत वाटणी करून तो तक्ता फ्रिजवर लावला आहे. अण्णा कँडरमध्ये, कारण तिने मोठ्या हौसेने पाठवलेलं मराठी पत्र तुम्ही लाल पेनाने तपासून परत पाठवलंत. श्रीकांत एर्युडाइट, चष्मा आणि निळे शर्ट एवढ्या पुराव्यावर. मी ॲमिटी. आई ॲब्निगेशन, पण शेऱ्यासकट: "आजी सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि मग सगळ्यांना सांगते की मी शेवटी जेवले. म्हणून अर्धे गुण कापले." डॉन्टलेसमध्ये घरातलं कोणीच बसलं नाही. डॉन्टलेसवाले धावत्या आगगाडीत चढतात आणि धावत्या गाडीतून उतरतात, हाच त्यांच्या शौर्याचा मोठा पुरावा. मी म्हटलं, असं असेल तर विरारहून चर्चगेटला जाणारी सगळी जनता डॉन्टलेस आहे, त्यात तुझी ठाण्याची आजी तर मध्य रेल्वेवरची. मनूने ती बाब विचारार्थ ठेवली आहे.

सोळाव्या वर्षी प्रत्येकाने गट निवडायचा. सगळ्या गावासमोर हात कापून रक्ताचा थेंब आपल्या गटाच्या भांड्यात टाकायचा: डॉन्टलेसच्या भांड्यात निखारे, कँडरच्या काचा, एर्युडाइटचं पाणी, ॲमिटीची माती, ॲब्निगेशनचे दगड. एकदा थेंब पडला की गट बदलता येत नाही, घरच्यांहून गट मोठा. जो गटातून बाहेर पडला त्याने रस्ते झाडायचे. इथल्या मुलांना हे फार भयंकर आणि नवीन वाटतं. मी आणि श्रीकांतने एकमेकांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी हे सोळाव्या वर्षीच केलेलं आहे, रक्ताऐवजी दहावीची गुणपत्रिका होती आणि भांडी तीनच होती. श्रीकांतला नाटक करायचं होतं. त्याचा थेंब सायन्समध्ये पडला.

ट्रिस ॲब्निगेशनच्या घरात जन्मते आणि डॉन्टलेसमध्ये जाते. तिची गोम अशी की ती एका गटात बसतच नाही, म्हणून ती डायव्हर्जंट, म्हणून तिच्या जिवाला धोका. पहिल्या पुस्तकात आई आणि बाप दोघंही तिच्यासाठी प्राण देतात. दुसऱ्यात सख्खा भाऊ केलेब शत्रूला सामील होतो. तिचा मित्र टोबायस, त्याला सगळे 'फोर' म्हणतात, कारण त्याला जगात चारच गोष्टींची भीती वाटते. (मनूने मलाही भीतीच्या गोष्टी मोजायला लावल्या. पहाटेचा फोन पहिला आला, पुढचं मी सांगितलं नाही.)

तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा आपण जे जे पाहिलं ते सगळं या पुस्तकांत आहे. नेव्ही पियरचा तो मोठा पाळणा, ज्यात अण्णा बसले आणि आई खाली पर्स धरून रामरक्षा म्हणत उभी राहिली, त्यावर ट्रिस रात्री बाहेरच्या सळयांवरून चढते. हॅनकॉक टॉवर, मिलेनियम पार्क, आणि आईला रंग आवडला नाही ती मर्चंडाइज मार्टची अवाढव्य इमारत, सगळं आहे. लेखिका व्हेरॉनिका रॉथ इथल्याच बॅरिंग्टन गावात वाढलेली, आमच्याकडून गाडीने तासाभराच्या आत. इव्हॅन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत असताना तिने पहिलं पुस्तक लिहिलं आणि ते छापून आलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. श्रीकांतला कौतुक या गोष्टीचं की जवळच्या गावातली पोरगी. माझं म्हणणं, जवळची असूनही तिने आमचं नेपरव्हिल कुंपणाबाहेर टाकलं, म्हणजे हिशेबाने आम्ही ओसाड मुलखात राहतो. घराचा हप्ता मात्र कुंपणाच्या आतल्यासारखा भरतो.

आणि कुंपणाबाहेर काय आहे, हे गूढ दोन पुस्तकं ताणल्यावर तिसऱ्या पुस्तकात उलगडतं. बाहेर, सगळ्या शहरावर कॅमेरे लावून बसलेलं सरकारी खातं आहे, आणि त्याचा मुक्काम आहे ओहेअर विमानतळावर. आई, तोच विमानतळ. टर्मिनल पाचला आम्ही तुमची वाट बघत उभे होतो आणि तू ढकलगाडीवर बसून, मांडीवर पिशवी घट्ट धरून, राणीच्या थाटात बाहेर आलीस, तिथेच जगाचं सगळं गुपित होतं. मनूला हे वाचून हसू आलं, आणि नेमकी तिथूनच तिची तक्रार सुरू होते.

सुतकाचं सोंग असेल, पण पोरीचं मत सोंग नाही, म्हणून ते नीट लिहिते. पहिले दोन दिवस ती नुसती रडली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसली. आता ज्याला त्याला पकडून ऐकवते. परवा प्लंबर आला होता, त्यालाही थोडंसं ऐकावं लागलं.

तिचं पहिलं म्हणणं असं की दोन पुस्तकं पळापळीची आणि तिसरं शाळेच्या तासासारखं. त्या खात्याची माणसं पानंच्या पानं समजावून सांगत राहतात. पूर्वी सरकारने माणसांची जनुकं सुधारायला घेतली, त्यात ती बिघडली, मग युद्ध झालं, मग बिघडलेल्यांना शहरांत कोंडून पिढ्यान्‌पिढ्या सुधारायचा प्रयोग केला. शिकागो हा तो प्रयोग. डायव्हर्जंट म्हणजे जनुकं दुरुस्त झालेले, 'शुद्ध'. बाकीचे 'बिघडलेले'. मनू म्हणते, "दोन पुस्तकं सांगितलं की माणूस एका खोक्यात बसत नाही, आणि तिसऱ्यात सांगितलं की खोकी दोनच आहेत, शुद्ध आणि बिघडलेलं." बिचाऱ्या टोबायसला तपासणीत कळतं की तो खरा डायव्हर्जंट नाहीच, बिघडलेल्यांतलाच आहे. चार गोष्टींना भिणारा माणूस एका रिपोर्टपुढे कोसळतो. मनूला ते अजिबात पटलं नाही. मला पटलं. मी दहावीचा निकाल लागल्यावर कोसळलेली माणसं पाहिली आहेत.

शुद्ध-बिघडलेल्याचा हा विषय लेखिकेला झेपला नाही, असं तिचं मत. पण विषय खोटा आहे असं ती म्हणत नाही. उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला एका काकूंनी तिला आडनाव विचारलं. तिने सांगितलं. "म्हणजे कुठले?" साताऱ्याचे. "नाही गं, म्हणजे कोण तुम्ही?" मनूने तेव्हा "माणसं" असं उत्तर दिलं होतं आणि मी तिला उद्धटपणाबद्दल रागावले होते. आता ती म्हणते, "बघ, त्या काकू ओहेअरच्या खात्यातल्या होत्या." मी काही बोलले नाही. आत्याने तिच्या मुलासाठी इंटरनेटवर टाकलेली लग्नाची जाहिरात मी वाचलेली आहे.

तिसऱ्या पुस्तकातला मुख्य घोळ स्मृती पुसणाऱ्या औषधाचा. ओहेअरचं खातं ठरवतं की शिकागोत दंगल माजली आहे, तेव्हा सगळ्या शहराच्या आठवणी पुसून प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडावा. ट्रिस आणि तिची मंडळी खवळतात. आठवणी पुसणं म्हणजे माणूस मारणंच, असं म्हणतात. इथपर्यंत मनू त्यांच्या बाजूने. मग ही मंडळी उपाय कोणता काढतात? तेच औषध उलट खात्यातल्या माणसांवर सोडायचं आणि त्यांच्याच आठवणी पुसायच्या! आणि तसं करतात. मनू या ठिकाणी दर वेळी उभी राहते. "आई, खात्यात साधे लोक पण होते. झाडलोट करणारे होते. त्यांची मुलं होती. कोणी एकाने तरी म्हणायला हवं होतं की आपण पण तेच करतोय." तिचं म्हणणं, 'हंगर गेम्स'च्या शेवटच्या भागात, २०१० सालच्या 'मॉकिंगजे'मध्ये, हेच कितीतरी बरं झालं आहे. तिथे नायिका कॅटनिसपुढे जुना हुकूमशहा बांधून उभा असतो, आणि ती बाण सोडते नव्या अध्यक्षीणबाईंवर, कारण त्या बाईसुद्धा तेच खेळ पुन्हा मांडायला निघालेल्या असतात. "तिला कळलं. ट्रिसला नाही कळलं. ट्रिसला कळायला वेळच दिला नाही, लगेच मारून टाकलं." अण्णा, पंधरा पुरी नसलेली पोर हे बोलते आणि मोजे जमिनीवर टाकते. श्रीकांतने मात्र त्या औषधाची चौकशी केली, एका वाक्यापुरतं मिळतं का म्हणून. त्याला मनूच्या डोक्यातून 'मग ठीक आहे' पुसायचं होतं.

आता मरण्याबद्दल. औषधाचा साठा ज्या खोलीत आहे तिच्या दारात मृत्यूचा वायू सोडायची सोय असते. आत जाणारा परत येणार नाही. म्हणून आधी केलेबने, त्या दगाबाज भावाने, प्रायश्चित्त म्हणून जायचं ठरतं. ऐन वेळी ट्रिस त्याला थांबवते आणि स्वतः जाते. वायूतून ती चक्क वाचते, तिच्या शरीराला ते विष बाधत नाही. आणि पलीकडे खात्याचा प्रमुख डेव्हिड चाकाच्या खुर्चीत साधं पिस्तूल घेऊन बसलेला असतो. तो गोळ्या घालतो. ती मरता मरता बटण दाबते. झालं. पाचशेच्या वर पानांच्या पुस्तकात नायिका गेल्यावरही बरीच पानं शिल्लक राहतात, ती टोबायसने रडायची.

इथल्या मुलींनी त्या लेखिकेवर असा काही राग काढला की आठवड्याभरात बाईंना खुलासा लिहावा लागला. हा शेवट पहिल्यापासून ठरलेला होता, मुलीने आईबापांच्या त्यागाचा अर्थ शोधत जावं अशीच गोष्ट होती, असा एकूण सूर. मनूने खुलासा वाचला. गंमत म्हणजे ती त्याला विरोध करत नाही. "मरणं बरोबर आहे," असं म्हणते. ट्रिस ॲब्निगेशनची होती, दुसऱ्या पुस्तकात ती आईबापांच्या दुःखाने उगाच मरायला निघाली होती, तो त्याग नव्हता. शेवटी मात्र तिला जगायचं आहे आणि तरी ती जाते, हा फरक मनूला कळला आहे, आणि तो तिने मला भांडी विसळताना समजावून सांगितला. मग सुतक कशाचं? "बरोबर असलं म्हणून वाईट वाटू नये का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि भांडी तिच्याकडून विसळून घ्यायची राहिली.

एका बाबतीत मात्र मी तिच्या पुढे होते. पहिली दोन्ही पुस्तकं ट्रिस स्वतःच्या तोंडाने सांगते. तिसऱ्यात एक प्रकरण ट्रिस बोलते, एक टोबायस. मनूची तक्रार अशी की दोघं इतकी एकाच आवाजात बोलतात की प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव पुन्हा पुन्हा बघावं लागतं. मी तिला विचारलं, दुसरा बोलणारा आला तेव्हाच तुला शंका आली नाही का? मला पाचव्या मिनिटाला आली असती. मी 'मृत्युंजय' वाचून वाढलेली आहे. तिथे कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात, आणि सगळ्यात शेवटी श्रीकृष्ण बोलायला लागतो, तेव्हा कर्णाला आता बोलता येणार नाही हे वाचणाऱ्याच्या पोटात आधीच कळलेलं असतं. आणि तिथे कुंतीचं बोलणं दुर्योधनाच्या तोंडात कोणी घालून दाखवावं! मनू ऐकत राहिली. मग म्हणाली, "कर्ण पण भावांच्या बाजूने नव्हता ना? त्याला माहीत होतं ना?" आम्ही त्या रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. श्रीकांत दोनदा पाणी प्यायला येऊन गेला.

आणि अण्णा, सुतकाची कल्पना तिच्या डोक्यात कुठून आली, हेही सांगून टाकते. 'मृत्युंजय' संपवल्यावर तुम्ही शाळेला दांडी मारलीत, दाढी केली नाहीत आणि पोटदुखीचा अर्ज हेडमास्तरांकडे पाठवलात, ही हकीकत आईने मनूला मागेच सांगून ठेवली आहे. ते हेडमास्तर स्वतः त्या आठवड्यात 'मृत्युंजय'च वाचत होते म्हणून अर्ज मंजूर झाला, हेसुद्धा. तेव्हा "पुस्तकातल्या माणसाचं सुतक नसतं" असं मी म्हणाले तर "अण्णांना विचार" हे उत्तर तयार होतं.

या सुतकात दिवाळी आली. त्याआधी ३१ तारखेला हॅलोविन. काळी पँट, काळं जाकीट घालून आणि गळ्याच्या हाडावर ट्रिसच्या गोंदणातले तीन पक्षी काढून बाईसाहेब निघाल्या. शेजारच्या आजींनी विचारलं, तू कोण झाली आहेस? "डेड ट्रिस." आजींनी घाबरून दोन चॉकलेटं जास्त दिली. ते पक्षी तिने काढले होते न पुसणाऱ्या मार्करने. शनिवारी नरकचतुर्दशीला पहाटे मी तेल लावलं, उटणं लावलं, घासघास घासलं. उटण्याने मनू उजळली, पक्षी तसेच राहिले. लक्ष्मीपूजनाला जरीचा परकर-पोलका घालून ती बसली, वर तीन कावळे. मंडळाच्या फराळाला एकीने कौतुकाने विचारलं, "मेंदी का गं?"

करंज्या करायला ती बसली नाही, सुतकात तळण करत नाहीत म्हणून. खायला मात्र बसली. सुतकात खायला हरकत नाही, हेही तिने कुठून तरी शोधून काढलं आहे. (आई, तुझ्या मापाने मोहन घातलं तरी इथल्या मैद्याच्या करंज्या मऊ पडतात. चकल्या यंदा जमल्या.)

खरी कसोटी भाऊबीजेला होती. बहिणीने भावासाठी जीव दिला, तोही दगाबाज भावासाठी, हे वाचून उठलेली मुलगी, आणि पुढ्यात पाटावर आमचा ओम, तोंडात बेसनाचा लाडू. मनूने ताम्हन हातात घेतलं, निरांजन लावलं आणि ओवाळायच्या आधी त्याला विचारलं, "मला एर्युडाइटला विकशील का?" ओमला एर्युडाइट म्हणजे काय ते माहीत नाही. त्याने लाडू गिळला, जरा विचार केला आणि म्हणाला, "कितीला?" श्रीकांत इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. मनूने तरीही ओवाळलं. ओमने ओवाळणीत स्वतःच्या खाऊच्या पैशांतून पाच डॉलर घातले. "हे ॲडव्हान्स," असं सांगून.

शेवटची अडचण अस्थींची आहे, ती आईच्या खात्यातली. पुस्तकाच्या अगदी शेवटी, अडीच वर्षांनी, टोबायस ट्रिसची राख घेऊन हॅनकॉक टॉवरवर चढतो. शंभर मजली इमारत ती. पहिल्या पुस्तकात डॉन्टलेसवाले तिच्यावरून तारेला लटकून सुसाट खाली येतात, ट्रिसही आलेली असते. याला उंचीची भीती, चार भीतींतली एक, तरी हा तारेवरून खाली येता येता राख सोडतो. मनूला हे एवढंच मनापासून आवडलं. श्रीकांतने फक्त विचारलं की शिकागोच्या वाऱ्यात राख पुढे जाईल की त्याच्या तोंडावर येईल. त्यानंतर दोन दिवस मनू त्याच्याशी बोलली नाही. तिला आता विचारायचं आहे, आजी, असं वरून सोडलेलं चालतं का, की संगम माहुलीलाच जावं लागतं? मी तिला सांगितलं आहे की कृष्णा-वेण्णेच्या संगमावर तारेला लटकायची सोय नाही. पण तुझा निर्णय अंतिम मानला जाईल, तेव्हा गुरुजींना न विचारता कळव. गुरुजींना विचारलंस तर ठाण्याला कळेल.

सुतक कधी सुटणार ते अजून ठरलेलं नाही. मार्चमध्ये पहिल्या पुस्तकाचा सिनेमा येतो आहे. मैत्रिणींनी आतापासून बेत आखले आहेत. मनू म्हणते, "त्यात ती जिवंत असेल आणि तिला काही माहीत नसेल. मला नाही बघवणार." मग जरा वेळाने विचारलं, तिकिटं केव्हापासून मिळतात.

अण्णा, 'मृत्युंजय' कोणाबरोबर पाठवता आलं तर बघा, आपली ती जुनी प्रत, पुठ्ठा निघालेली चालेल. मनूला मराठी वाचायला वेळ लागतो, मी बसेन तिच्याबरोबर. सोबत मेतकूट आणि गोडा मसाला. कंदी पेढे नकोत, मागच्या वेळी ओमने एकट्याने संपवले. पाठ दुखते आहे त्याला शेक घेता का? आईने गुडघ्याचं तेल बदललं का? श्रीकांतचा साष्टांग नमस्कार.

तुमची,
बेबी

ता. क. (मनूच्या हातचा)

प्रिय अण्णा आणि आजी, आईने सगळा पत्र मला वाचून दाखवला. काही गोष्टी बरोबर आहेत. मी प्लंबरला थोडंच सांगितलं, त्यानेच विचारला होता मी का काळे कपडे घातली आहे. माझा मत असा आहे: शेवट चांगली आहे पण शेवटच्या आधीचा पुस्तक चांगला नाही. पाचमधून तीन स्टार. एक स्टार मी आठवणी पुसल्या म्हणून कापला आणि एक स्टार टोबायस आणि ट्रिस सारखं बोलतात म्हणून. मेली म्हणून काही नाही कापलं. अण्णा, लाल पेन प्लीज नको, मी ॲब्निगेशनवाली नाहीये, मला वाईट वाटतं. मी तुम्हाला तिन्ही पुस्तकं पाठवते, इंग्लिश सोपी आहे. तुम्ही वाचा आणि मग आपण फोनवर बोलू, आई नसताना. पण आजीला शेवट अजिबात सांगू नका. तिला मी समरमध्ये येऊन स्वतः वाचून दाखवणार आहे.

मनू